गोव्याच्या रानात सरपटणारे प्राणी आणि बेडूक पाहताना: ऋतूनुसार शोधाची रीत

पावसाळ्यातले दोन-तीन रविवार चोर्ला घाटाच्या वाटेवर घालवले, पण चार बेडकांपलीकडे काही दिसले नाही, अशी तक्रार नव्याने रानात जाऊ लागलेल्या मंडळींकडून दरवर्षी ऐकू येते. बहुतेक वेळा प्राणी तेथेच असतात आणि माणसे त्यांच्या हातभर अंतरावरून पुढे निघून गेलेली असतात. चुका ठरलेल्या आहेत. लोक सुट्टी पाहून जातात, पाऊस पाहून जात नाहीत, दिवसा न पाहिलेल्या जागी थेट रात्री शिरतात, भराभर चालतात, आणि काही दिसेनासे झाले की दगड उलथू लागतात. पुढील टप्पे याच क्रमाने पार पाडावेत. पहिले चार टप्पे घरी आणि दिवसाउजेडी पुरे झाले नसतील, तर पाचव्या टप्प्याला हात घालू नये.

१. परवानगी आणि कायदा

गोव्यात रान म्हणून आपण जेथे जातो त्या जमिनी तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार संरक्षित क्षेत्रांचा: सत्तरीतील म्हादई, मोलेचे भगवान महावीर अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान, फोंड्याकडील बोंडला, सांगे तालुक्यातील नेत्रावळी आणि काणकोणमधील खोतीगाव. येथे वन खात्याची परवानगी लागते, वेळ ठरलेली असते आणि अंधार पडल्यावर खास परवानगीवाचून आत राहता येत नाही. दुसरा प्रकार खासगी जमिनींचा, म्हणजे कुळागरे (पोफळी-नारळाच्या बागा), काजूच्या बागा आणि शेते. तिसरा गावाच्या आणि कोमुनिदादच्या (गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेच्या) जमिनींचा, ज्यांत सडे (जांभ्या दगडाची उघडी पठारे), तळी आणि देवराया येतात. नवख्याने सुरुवात दुसऱ्या प्रकारापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ओळखीच्या माणसाचे, व्हाळाला (ओढ्याला) लागून असलेले एखादे कुळागर वर्षभर पाहिले, तर जे शिकायला मिळते ते अभयारण्याच्या दहा भेटींत मिळत नाही. शिवाय मालक सोबत असला की रात्रीची अडचण राहत नाही.

देवराईत जाण्यापूर्वी गावात विचारावे. काही ठिकाणी पायतण बाहेर काढावे लागते, काही ठिकाणी ठरावीक दिवशी प्रवेश नसतो. रात्री देवराईत शिरण्याचा हट्ट धरू नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीची व्याख्या पुष्कळांना ठाऊक नसते. मारणे एवढाच तिचा अर्थ नाही. पकडणे, सापळा लावणे, हाकलणे, आमिष दाखवणे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हेही तिच्यात येते. छायाचित्रासाठी साप आकड्याने उचलून ‘बऱ्या’ फांदीवर ठेवणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने काय करीत असतो, हे यावरून समजावे.

सावधान: जूनमध्ये भातशेतीच्या बांधांवर टॉर्च घेऊन फिरणारी माणसे गावकऱ्यांना बेडूक पकडणारी वाटतात आणि त्यांचा संशय निराधार नसतो, कारण ‘जंपिंग चिकन’ या नावाखाली मोठ्या बेडकांची बेकायदा विक्री गोव्यात होत आली आहे. शेतात उतरण्यापूर्वी पंच किंवा जमीनमालक यांच्या कानावर घालावे, आणि पिशवी किंवा गोणी हातात घेऊ नये.

२. ऋतू पाहून जागा ठरवणे

सारी मेहनत या टप्प्यावर करावयाची असते. ‘कोणता साप पाहायचा’ या प्रश्नापासून सुरुवात केली तर निराशा जवळजवळ ठरलेली. आज ओल कोठे आहे, ऊब कोठे आहे आणि भक्ष्य कोठे जमले आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे गोव्यात दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात.

*पहिला पाऊस, मेअखेर ते जूनचा मध्य.* गोव्यात मान्सून साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. पहिला दणदणीत पाऊस ज्या संध्याकाळी पडतो ती रात्र आणि पुढच्या दोन-तीन रात्री सोडू नयेत. शेतात व चिरेखाणींत साचलेल्या पाण्यात मोठ्या बेडकांचे नर लिंबासारखे पिवळे होऊन, निळ्या स्वरपिशव्या फुगवून ओरडत असतात. हा मेळा काही रात्रींतच ओसरतो. बेडकांच्या मागे दिवड येते, आणि बिळांत पाणी शिरल्याने इतर सापही बाहेर पडतात. घोणशीची पिल्ले आणि नागाची अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्लेही साधारण याच दिवसांत दिसू लागतात, म्हणून पायाखालची वीतभर लांबीची हालचालही गांभीर्याने घ्यावी. जुलैच्या सहलीची वाट पाहणाऱ्यांचा हा सोहळा दरवर्षी हुकतो.

*भर पावसाळा, जुलै आणि ऑगस्ट.* आता सपाटी सोडून घाटाच्या पायथ्याच्या सदाहरित रानाकडे वळावे. व्हाळाच्या काठची गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीची झुडपे आणि शेवाळलेले दगड ही मलबारी चापडा या विषारी सापाची जागा. पाण्यावर झुकलेल्या पानांवर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला, तर ते मलबारी उडत्या बेडकाचे घरटे असते. पिल्ले त्यातून थेट खालच्या पाण्यात पडतात, म्हणून घरट्याखाली उभे राहून डबके ढवळू नये. ओल्या मातीत आणि पायवाटेवर देवगांडूळ हा बेडकांसारखाच उभयचर प्राणी दिसण्याचे हेच दिवस. त्याला पाय नसतात, अंगावर वळी असतात, आणि पाहणारा त्याला साधे गांडूळ किंवा सापाचे पिल्लू समजून पुढे जातो. २००७ साली शास्त्रीय वर्णन झालेल्या देवगांडुळांच्या दोन जातींना गोव्याचे आणि म्हादईचे नाव मिळाले आहे, एवढ्यावरून हा प्रदेश त्यांच्या दृष्टीने काय मोलाचा आहे ते कळावे.

या दोन महिन्यांतील ठरलेली चूक म्हणजे कोसळत्या पावसात फिरणे. पावसाच्या आवाजात बेडकांची साद ऐकू येत नाही, प्रत्येक ओले पान टॉर्चमध्ये चमकते, आणि व्हाळ कधी फुगेल त्याचा नेम नसतो. दिवसभर झोडपून संध्याकाळी उघडीप मिळाली आणि अधूनमधून भुरभूर राहिली, की निघावे.

*पाऊस सरताना, सप्टेंबर आणि ऑक्टोबर.* मला विचाराल तर अख्ख्या वर्षातला हाच काळ सर्वांत फलदायी आहे, आणि सर्वांत कमी लोक याच वेळी बाहेर पडतात. व्हाळ उतरलेले असतात, वाटा मोकळ्या होतात, बेडकांची नुकतीच शेपूट गळालेली पिल्ले काठावर असतात आणि त्यांच्यावर टपलेले सापही तेथेच असतात. सड्यांवरील उथळ डबकी आटत असताना संध्याकाळी फेरी घ्यावी. त्याच सड्यावर फुरसेही असते आणि त्याचा रंग जांभ्या दगडाच्या रंगात मिसळून जातो, म्हणून सड्यावर बूड टेकण्यापूर्वी जागा काठीने तपासावी. भाताच्या कापणीच्या दिवसांत उंदरांमागे घोणस शेतात येते. कापलेल्या पेंढ्यांचा ढीग हाताने उचकटू नये.

*थंडी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी.* रात्रीपेक्षा सकाळ महत्त्वाची. आठ ते अकराच्या दरम्यान उन्हाचा कवडसा जेथे पहिल्यांदा पडतो, त्या पूर्वेकडील उतारांवर, बांधांवर आणि दगडी गडग्यांवर सापसुरळ्या, घोरपडी आणि साप ऊन खाताना दिसतात. घोणशींच्या मीलनाचा काळही हाच, त्यामुळे एक दिसली तर आसपास दुसरी असेल असे धरून चालावे.

मगरी पाहायच्या असतील तर मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा कुंभारजुवेचा कालवा आणि तेथील खाऱ्या-गोड्या पाण्यावर राहणाऱ्या मगरी हा गोव्याचा खास ठेवा आहे. येथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे कोष्टक कामाचे. ओहोटीला चिखलाचे काठ उघडे पडतात आणि सकाळच्या उन्हात मगरी त्यांवर येऊन पडतात; भरतीच्या वेळी होडी घेऊन गेलेला माणूस फक्त कांदळवन पाहून परततो. याच ऋतूत मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. तेथे स्वतःहून शोध घेऊ नये. वन खात्याचे कर्मचारी सांगतील तेथे, सांगतील तेवढ्या अंतरावर, उजेड न करता थांबावे.

*उन्हाळा, मार्च ते मे.* फिरण्याचा ऋतू संपला, बसण्याचा सुरू झाला. व्हाळ आटून मधले कोंड तेवढे उरतात आणि रानातील सारी वर्दळ त्या पाण्याभोवती गोळा होते. कोंडापासून वीस-पंचवीस मीटर दूर, वाऱ्याच्या उलट बाजूस, झाडाच्या खोडाला टेकून दोन तास न हलता बसण्याची तयारी ठेवावी. शेकरू, गवे, साळिंदराच्या खुणा, पाण्याशी येणारी दिवड, हे सारे बसणाऱ्याला मिळते. कुळागरात पोफळीच्या खोडांकडे बघावे: गळ्याखालची पिवळी पताका उघडझाप करणारा उडता सरडा एरवी सालीशी इतका एकरूप असतो की हालचालीवाचून तो दिसत नाही.

सावधान: एप्रिल-मेमध्ये दाट रानात पाचोळ्याचा नीट रचल्यासारखा, गुडघाभर उंचीचा ढीग दिसला तर जागीच थांबून आल्या वाटेने मागे फिरावे. नागराजाची मादी असे घरटे बांधते आणि त्यावर पहारा देते. धनेशाच्या ढोलीखाली थांबणेही याच महिन्यांत टाळावे, कारण आत मादी कोंडलेली असते आणि माणूस पाहून नर अन्न घेऊन जवळ येत नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचा जोर डिसेंबरपासून मेपर्यंतच्या कोरड्या महिन्यांत असतो. या काळात पाचोळ्यावर बसू नये, मेलेल्या माकडाच्या जवळ जाऊ नये आणि तसे माकड दिसल्यास आरोग्य केंद्राला कळवावे. रानातून आल्यावर सर्व कपडे कढत पाण्यात टाकावेत, काखा, जांघा आणि कानामागची जागा तपासावी, आणि पुढील दोन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगावे.

३. सामान

सामानाची यादी लांबवण्यात अर्थ नाही, पण पुढील वस्तूंत तडजोड करू नये. गुडघ्याखालपर्यंतचे रबरी गमबूट, सैल पूर्ण पँट, डोक्यावर बांधायचा एक टॉर्च आणि हातातला दुसरा, दोहोंचे सुटे सेल, छातीइतक्या उंचीची काठी, शिट्टी, पाणी आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला फोन. वहीसाठी शिसपेन्सिल घ्यावी, कारण दमट कागदावर शाईचे पेन चालत नाही. जळवांसाठी घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे उपयोगी पडतात. तंबाखू-चुना लावण्याची जुनी रीत चालते, परंतु तो हात नंतर बेडकाला किंवा पाण्याला लागता कामा नये. त्याच कारणाने डास पळवणारे मलमही हातांच्या तळव्यांना लावू नये.

साप पकडण्याचा आकडा किंवा चिमटा जवळ बाळगू नये. तो जवळ असला की वापरला जातो.

तपासून पाहा: कोठे जात आहात, गाडी कोठे लावणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरच्या एका माणसाला लिहून पाठवले आहे का? घाटाखालच्या रानात फोनला संपर्क मिळत नाही. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत रद्द करावा.

४. दिवसाची पाहणी

रात्री ज्या वाटेने जायचे ती वाट त्याच दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, एकदा पूर्ण चालून पाहावी. हा टप्पा सर्वाधिक टाळला जातो आणि बहुतेक अपघात त्यामुळेच होतात. वाट पाचशे मीटरहून लांब निवडू नये. व्हाळ कोठे ओलांडायचा, कोठे पाय घसरतो, गव्यांचे ताजे शेण कोठे आहे, कोठल्या बागेला रानडुकरांसाठी विजेची तार सोडलेली आहे, हे सारे उजेडात कळते. तारेविषयी बागेच्या मालकाला थेट विचारावे, अंदाज करू नये.

याच फेरीत रात्रीच्या शोधाच्या जागा निवडून ठेवाव्यात. पाण्यावर झुकलेल्या फांद्या, ओढ्यातील पाणी संथ होणारी वळणे, पडलेला मोठा ओंडका, दगडी गडग्यातील भेगा, वारुळे आणि वाटेच्या कडेचे उंच गवत अशा दहा-बारा जागा वहीत क्रमाने लिहून, प्रत्येकीची खूण करावी. सापाची कात मिळाली तर ती कोठे आणि किती उंचीवर अडकली आहे ते टिपावे. जमिनीलगतच्या भेगेतली कात आणि डोक्याएवढ्या फांदीवरली कात वेगवेगळ्या रहिवाशांची असण्याचा संभव जास्त.

तपासून पाहा: ओढ्याच्या काठी मागच्या पुराचा पाचोळा झाडांना किती उंचीवर अडकलेला आहे? ती उंची आपल्या डोक्यापेक्षा वर असेल, तर रात्री ओढ्याच्या पात्रात उतरू नये.

५. रात्रीची फेरी

अंधार पूर्ण झाल्यानंतर अर्ध्या तासाने निघावे. तीन माणसे ही उत्तम संख्या. एकट्याने कधीही जाऊ नये आणि पाचांहून अधिकांनी गेल्यास ती वरात होते.

प्रथम टॉर्च कसा धरावा ते शिकून घ्यावे. प्रकाश डोळ्यांच्या रेषेतून गेला तरच समोरच्या डोळ्यांची चमक आपल्याकडे परत येते, म्हणून हातातला टॉर्च कानशिलाजवळ धरावा. बेडकांचे, रातव्याचे आणि मगरीचे डोळे असे लांबून चमकतात. गवतात हिरवट-निळे ठिपके लुकलुकले तर ते बहुधा कोळ्याचे डोळे. सापाचे डोळे मात्र असे चमकत नाहीत, आणि येथेच नवखा फसतो: तो चमक शोधत राहतो. सापासाठी आकार शोधावा. फांदीला जेथे कारण नसताना गाठ आली आहे, पानांच्या आडव्यातिडव्या रेषांमध्ये जेथे एक सलग वळण आहे, दगडावरच्या शेवाळ्याला जेथे कडा आली आहे, तेथे नजर थांबवावी. मलबारी चापडा हिरवाच असतो हा समजही सोडून द्यावा. तो तपकिरी, पिवळसर, ठिपक्यांचा अशा अनेक रंगांत आढळतो.

वेग हा दुसरा प्रश्न. शंभर मीटरला किमान वीस मिनिटे लागली पाहिजेत. पुढच्या माणसाने फक्त जमीन पाहावी, दुसऱ्याने गुडघ्यापासून खांद्यापर्यंतची झाडी, तिसऱ्याने डोक्यावरच्या फांद्या आणि मागची वाट. दर दहा पावलांनी तिघांनी थांबावे. चालताना पाहणे आणि थांबून पाहणे यांतला फरक एकाच रात्री ध्यानात येतो.

हालचाल करणाऱ्या प्राण्यांमागे लागण्याऐवजी झोपलेले शोधणे हा खरा सोपा मार्ग आहे. दिवसा झाडीत बेमालूम मिसळणारा हरणटोळ रात्री बारीक फांद्यांच्या टोकांवर सैल वेटोळी घालून पडलेला असतो. झाडावरचे सरडे डहाळीच्या शेंड्याला चिकटून झोपतात, कारण कोणी फांदीवरून येऊ लागले की शेंडा हलतो आणि त्यांना जाग येते. शॅमेलिऑन टॉर्चच्या उजेडात फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो. म्हणून दिवसाच्या पाहणीत निवडलेल्या झुडपांचे शेंडे आधी पाहावेत, आणि दिसल्यावर प्रकाश लगेच बाजूला घ्यावा. झोपमोड झालेला सरडा खाली उडी टाकतो आणि खाली मांजऱ्या साप असू शकतो.

व्हाळ ओलांडताना हात टेकायचा दगड आधी टॉर्चने पाहावा, मगच हात टाकावा. हे वाक्य सोपे आहे, आणि तरीही एकदा पाय घसरताना माझा हात जेथे पडणार होता त्या दगडावर शेवाळ्याच्याच रंगाचा चापडा बसलेला होता. सोबत्याने बाही ओढली म्हणून निभावले. चापडा हालचाल करून इशारा देईलच असे नाही. तो एकाच जागी दिवसेंदिवस भक्ष्याची वाट पाहत बसतो, आपण जवळ आलो म्हणून जागा सोडत नाही. जमिनीवरच्या पाचोळ्यात राहणारा, वर वळलेल्या नाकाचा छोटा हम्प-नोज्ड चापडा तर पाहूनही पाचोळाच वाटतो, म्हणून वाट सोडून पाचोळ्यात पाऊल टाकू नये.

वाटेच्या टोकाला पोहोचल्यावर सर्व टॉर्च दहा मिनिटे बंद करावेत. कान आवाज वेगवेगळे करू लागतात, कोणता बेडूक पाण्यातून आणि कोणता झाडावरून बोलतो आहे ते कळते. भर पावसाळ्यात कुजक्या लाकडावर हिरवट उजेड देणारी आळंबी दिसायची असेल, तर तीही या दहा मिनिटांतच दिसते. टॉर्च चालू ठेवून फिरणारे तिच्यावर पाय देऊन जातात. नंतर आल्याच वाटेने, पुन्हा तितक्याच सावकाश परत यावे. जाताना रिकामी दिसलेली जागा येताना रिकामी असेलच असे नाही, आणि माझ्या वहीतल्या निम्म्याहून अधिक नोंदी परतीच्या वाटेवरच्या आहेत.

सावधान: ओढ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज बदलला, की वर पाऊस पडला आहे असे समजून तत्काळ काठ चढावा. पलीकडे अडकल्यास पाणी उतरेपर्यंत पलीकडेच थांबावे. जमिनीपासून उंच, मोठ्या, रुंद अंतराच्या डोळ्यांची जोडी दिसली तर गवा असू शकतो; टॉर्च खाली करून, पाठ न फिरवता मागे सरावे.

गाडीतून सावकाश जात रस्त्यावरचे प्राणी पाहण्याची रीत आहे, पण अनमोडच्या महामार्गावर ती करू नये. रात्री तेथे ट्रक थांबत नाहीत. गावातल्या अंतर्गत रस्त्यावर, ताशी वीस किलोमीटरच्या आत, मागे कोणी नसताना तेवढी करावी, आणि चिरडलेले प्राणीही नोंदवावेत.

६. दगड आणि ओंडके

पहिली दोन वर्षे एकही दगड उलथू नये, हा माझा सल्ला आहे. सड्यावरच्या सुट्या दगडाखाली जी ओल आणि गारवा असतो तो तयार व्हायला फार काळ लागतो. दगड एकदा तिरका ठेवला की फट वाढते, वारा शिरतो, आणि पाल, विंचू, देवगांडूळ, मुंग्या यांची ती जागा संपते. एखाद्या सड्यावर सहलीचे पथक येऊन गेले की नाही, हे उलट्या पडलेल्या दगडांच्या उघड्या ओल्या बाजूंवरून महिनाभर सांगता येते.

अभ्यासासाठी परवानगीने दगड उचलावयाचा असेल तर पलीकडची कड धरून ती आपल्याकडे उचलावी, म्हणजे उघडणारी फट आपल्यापासून दूर राहते आणि आतला प्राणी पलीकडे निसटू शकतो. बोटे फटीत घालू नयेत. काठीचे टोक वापरावे. खाली प्राणी असेल तर दगड त्याच्यावर ठेवू नये. तो बाजूला झाल्यावर दगड त्याच साच्यात, त्याच दिशेने बसवावा, मग प्राणी आपण होऊन आत शिरतो. मार्च ते मे या काळात सड्यावरचा दगड कोणत्याही कारणासाठी हलवू नये.

७. प्राणी दिसल्यावर

आधी थांबावे, मग सोबत्यांना हळू आवाजात सांगावे, आणि कॅमेरा सर्वांत शेवटी काढावा. लोक हा क्रम उलट करतात. चापड्यापासून किमान दीड मीटर, नाग आणि घोणस यांच्यापासून तीन मीटर अंतर ठेवावे. ओळख पटली नसेल तर तीन मीटरच धरावे. प्राण्याभोवती गोल करून उभे राहू नये, त्याला जाण्याची एक बाजू मोकळी सोडावी. फ्लॅशची चार-पाच छायाचित्रे पुरेत. पान आड येते म्हणून फांदी मोडणे, पाणी शिंपडून बेडूक ‘ताजा’ दिसवणे, सापाने फणा काढावा म्हणून काठी हलवणे, हे सारे पहिल्या टप्प्यात सांगितलेल्या शिकारीच्या व्याख्येच्या कडेवर किंवा तिच्या आत येते.

८. दंश झाला तर

गोव्यातल्या इस्पितळांत वापरली जाणारी सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. चापड्यांच्या किंवा नागराजाच्या विषासाठी ती बनवलेली नाही. तरीही इस्पितळात जाणे सर्वांसाठी सारखेच आवश्यक आहे, कारण उपचार लक्षणे पाहून होतात आणि साप ओळखण्यात आपली चूक झालेली असू शकते.

अंगठ्या, घड्याळ, घट्ट बूट काढावेत. दंश झालेला अवयव लाकडाच्या फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. करकचून दोरी बांधणे, चिरणे, चोखणे, बर्फ लावणे, झाडपाला चोळणे यांपैकी काहीही करू नये. रुग्णाला चालवू नये. उचलून गाडीपर्यंत न्यावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. दिवसाच्या पाहणीच्या वेळीच जवळचे इस्पितळ ठरवून ठेवावे: सत्तरीत असाल तर वाळपईचे सामूहिक आरोग्य केंद्र, उत्तरेला म्हापशाचे आणि दक्षिणेला मडगावचे जिल्हा इस्पितळ, आणि गंभीर रुग्णासाठी बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ). सापाला मारून सोबत नेण्यात वेळ दवडू नये. दुरून घेतलेले छायाचित्र असेल तर ते दाखवावे. मण्यारीचा दंश कित्येकदा दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणून ‘काही झालेले नाही’ असे समजून घरी झोपणे जिवावर बेतते.

९. नोंद आणि परतीनंतरचे काम

गाडीत बसण्यापूर्वी वही पुरी करावी. सकाळपर्यंत अर्धे विसरलेले असते. तारीख, वेळ, पाऊस किती वेळापूर्वी थांबला, जमिनीपासूनची उंची, झाड कोणते, पाण्यापासूनचे अंतर आणि प्राणी काय करीत होता, एवढे पुरे. काहीच न दिसलेल्या रात्रीही नोंदवाव्यात. दोन पावसाळ्यांनंतर त्याच रिकाम्या रात्री सांगतात की आपण कोणत्या हवेत उगाच जात होतो.

नोंद आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर टाकताना ठिकाण झाकण्याची सोय वापरावी. समाजमाध्यमांवर तालुक्यापलीकडे जागा सांगू नये, आणि छायाचित्रात ओळखू येणारा पूल, मंदिर किंवा मैलाचा दगड नसल्याची खात्री करावी. चापडा दिवसेंदिवस एकाच फांदीवर बसतो हे आपल्याला ठाऊक आहे, तसे त्याला उचलून नेणाऱ्यालाही ठाऊक असते. मोठ्या बेडकांच्या डबक्याचा पत्ता तर जूनमध्ये कोणालाच देऊ नये.

शेवटचे काम न्हाणीघराबाहेरचे. गमबुटांच्या तळव्यांतील चिखल ब्रशने काढून, साबणाने धुऊन ते उन्हात किंवा चुलीजवळ पूर्ण वाळू द्यावेत. बेडकांच्या कातडीला ग्रासणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून एका ओढ्यातून दुसऱ्यात जाते. शनिवारी नेत्रावळीत भिजलेले बूट रविवारी ओलेच चढवून चोर्ल्याला जायचे असेल, तर दुसरा जोड घ्यावा किंवा रविवारचा बेत पुढे ढकलावा.